दाजींची एकसारखी चूक

आमच्या दाजींच्या हातात फळ कापायला दिलं की पाहुणे उपाशी राहतात. दाजी आधी ते फळ गोल फिरवून बघतात, देठाकडून बघतात, बुडाकडून बघतात, दोन्ही गालांवर हलकेच अंगठा ठेवतात आणि मग जाहीर करतात, "परवा दुपारी." म्हणजे हे फळ खायची योग्य वेळ परवा दुपारी आहे. पाहुणे आज आलेत ही गोष्ट त्यांच्या लेखी किरकोळ. मग ताई आतून ओरडते, "अहो, त्यांना परवापर्यंत ठेवून घेऊ का? गाद्या काढते!"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गावाबाहेरच्या फळ संशोधन केंद्रात बावीस वर्षं नोकरी केली. हुद्दा प्रयोगशाळा सहायक. काम काय, असं कोणी विचारलं तर ताई एका वाक्यात सांगायची, "फळांना टोचतात." त्यात खोटं काही नव्हतं. त्या केंद्रात फक्त आठळीवाल्या फळांचा अभ्यास चालतो, म्हणजे मधोमध एकच टणक बी असलेली मंडळी. पीच, जर्दाळू, आलुबुखार, आणि सगळ्यांत लाडकं नेक्टरिन. नेक्टरिन हे काय प्रकरण आहे ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. एकदा दाजींनीच समजावलं.

"मेव्हणे, तुमच्या थोरल्या भावाच्या डोक्यावर जंगल आहे की नाही?"

"आहे."

"आणि तुमच्या डोक्यावर?"

मी डोक्यावरून हात फिरवला.

"पण आई एक, वडील एक, नाकसुद्धा एकच. तसं. पीचच्या सालीवर लव असते, नेक्टरिनच्या नसते. आत सगळं घराणं तेच. एवढ्याशा एका जनुकाचा फरक." मग माझ्या डोक्याकडे प्रेमाने बघत म्हणाले, "आणि चवीला नेक्टरिनच सरस असतं, वाईट वाटून घेऊ नका."

केंद्रात त्यांना सगळे 'कंपाउंडर' म्हणत. साहेबसुद्धा. कारण त्याआधी चौदा वर्षं ते एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर म्हातारे झाले, त्यांनी दवाखाना बंद केला, आणि दाजी अडतिसाव्या वर्षी अर्ज लिहायला बसले. केंद्राच्या जाहिरातीत म्हटलं होतं, 'हात स्थिर असलेला उमेदवार हवा.' दाजींनी अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, 'चौदा वर्षं रडणाऱ्या मुलांना इंजेक्शनं दिली. सुई एकदाही मोडली नाही.' मुलाखतीला साहेबांनी त्यांच्या पुढ्यात एक फळ आणि एक गेज ठेवला. गेज म्हणजे मुठीत मावणारं, तबकडीचं, पुढे पेन्सिलीएवढी जाड पोलादी कांडी असलेलं यंत्र. फळाच्या गालावरची नाण्याएवढी साल काढायची, कांडी तिथे टेकवायची, कांडीवरच्या खुणेपर्यंत आत दाबायची. आत जायला किती जोर लागला ते काटा किलोत दाखवतो. फळ कच्चं तर काटा वर, पिकलं तर खाली. दाजींनी साल काढली, कांडी टेकवली आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "काय गं बाई, शाळेत कितवीत आहेस? बाईंचं नाव काय तुझ्या?" आणि प्रश्न संपेपर्यंत दाबून झालं.

साहेब खूप हसले आणि म्हणाले, "सोमवारपासून या."

बावीस वर्षं दाजी उत्तरेच्या खिडकीपाशी एका तीन पायांच्या स्टुलावर बसले. डाव्या हाताला फळांची टोपली, उजव्या हाताला वही, समोर गेज आणि साल काढायची सुरी. हंगामात दिवसाला दीडशे-दोनशे फळं. प्रत्येक फळाला दोन गाल, म्हणजे चारशे टोचण्या. आणि प्रत्येक टोचणीला तोच प्रश्न. शाळेत कितवीत, बाईंचं नाव काय. आलुबुखाराला "काय रे बाळा" आणि नेक्टरिनला "काय गं बाई", एवढाच भेद. शेजारच्या खोलीतले लोक म्हणायचे, केंद्रातल्या फळांना दाजींनी जन्मभर पहिलीतच ठेवलं, एकालाही दुसरीत घातलं नाही.

या सगळ्या उद्योगाचं कारण असं, की नेक्टरिन फार घातकी फळ आहे. तोडल्यावर मऊ होतं, पण गोडी वाढत नाही. गोडी काय यायची ती झाडावरच. लवकर तोडलं तर बाजारात टिकतं पण चवीला लाकूड. उशिरा तोडलं तर साखर, पण खोक्यात तळाशी गेलेलं फळ बाजारात पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. मधला दिवस कोणता? तो शोधण्यात केंद्राची सगळी हुशार माणसं गुंतली होती, आणि त्या सगळ्या हुशारीचा पाया म्हणजे दाजींच्या एकतीस वह्या. हिरव्या पुठ्ठ्याच्या, पाठीवर सालाचं लेबल. आत फळाची जात, झाडाचा नंबर, डावा गाल, उजवा गाल, साखर आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेऱ्यात काय वाटेल ते. 'पाखरांनी आधीच चाखले, मत चांगले.' 'दिसायला राजबिंडे, आत काही नाही.' एका ठिकाणी नुसतंच 'अरेरे.'

घरी या ज्ञानाचा उपद्रव व्हायचा. फ्रिजचा तर फारच. फ्रिजच्या आत साधारण पाच अंश थंडी असते, आणि नेक्टरिनला नेमकी तीच बाधते. शून्याला ठेवा, काही होत नाही. बाहेर ठेवा, काही होत नाही. पाचला दोन आठवडे ठेवलं की आतून लोकरीसारखं कोरडं होतं. दाजींनी हे घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, "म्हणजे एवढा मोठा फ्रिज घेतला तो फळं सोडून सगळ्याला चालतो?" तेव्हापासून त्यांच्या घरात नेक्टरिन जेवणाच्या टेबलावर, खिडकीत, पुस्तकांच्या कपाटावर, कुठेही सापडतं. फ्रिजमध्ये सापडलं तर चौकशी होते.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, निवृत्तीला सात आठवडे उरले असताना, केंद्रात नवं यंत्र आलं.

यंत्र कपाटाएवढं. त्यात फळ ठेवायचं आणि बटण दाबायचं. पोलादी हात वरून येतो, मोजून दोन सेकंदांत कांडी आत घालतो आणि पडद्यावर आकडा येतो. यंत्राबरोबर एक नव्या मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, विद्यापीठातून ताज्या ताज्या, आणि स्वभाव असा की स्वतःच्या चहातली साखरसुद्धा दोनदा मोजून घालतील. दाजींना त्या 'काका' म्हणायच्या. त्यांना दाजींच्या बावीस वर्षांच्या वह्यांवर मोठा अहवाल लिहायचा होता. एका जागी, एका बागेतली, एवढी सलग मोजमापं कुठेच नाहीत, असं त्या सगळ्यांना सांगत फिरायच्या. दाजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि घरी येऊन ताईला शब्द न शब्द सांगायचे.

मग एका मंगळवारी मॅडमनी सहज एकाच टोपलीतली फळं अर्धी यंत्राला दिली, अर्धी दाजींना. यंत्र म्हणालं सरासरी पाच किलो चारशे. दाजी म्हणाले पाच.

मॅडमनी आधी यंत्रावर संशय घेतला. यंत्रवाल्या कंपनीचा माणूस आला, तपासून गेला. यंत्र ठीक. मग गेजवर संशय. गेज दर वर्षी वजनकाट्यावर दाबून तपासला जायचा, तसा पुन्हा तपासला. गेज ठीक. मग संशय घ्यायला खोलीत फक्त दाजी उरले.

"काका," मॅडम म्हणाल्या, आणि म्हणे त्यांचा आवाज इंजेक्शन द्यायच्या आधीच्या आवाजासारखा गोड झाला होता, "तुम्ही फार हळू दाबता."

"म्हणजे?"

"कांडी हळू आत गेली की फळ वाट करून देतं. आकडा कमी येतो. दोन सेकंदांत दाबायचं असतं. तुम्हाला जवळजवळ चार लागतात."

"कधीपासून?"

बावीस वर्षं दर साली गेज तपासला, हात कोणी तपासला नव्हता.

त्यातच साहेबांचं पत्रक निघालेलं होतं. नव्या यंत्राला खोली हवी, म्हणून जुन्या कागदांची खोली महिनाअखेर रिकामी करायची. ज्या नोंदी कामाच्या आहेत त्या संगणकात चढवायच्या, बाकीच्या रद्दीत. मॅडमनी वह्या कामाच्या म्हणून बाजूला काढल्या होत्या. आता त्या कोणत्या ढिगाऱ्यात ठेवायच्या, हा प्रश्न होता.

"नुसतं हळू असतं तरी चाललं असतं," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक वेळी सारखंच हळू असेल तर. पण माणसाचा हात आहे, काका. कधी तीन सेकंद, कधी पाच. मग बावीस वर्षांतला कोणता आकडा किती चुकला, हे देवालासुद्धा सांगता येणार नाही."

मी त्या संध्याकाळी ताईकडे गेलो होतो. दाजी टेबलाशी बसून पावाला लोणी लावत होते. लोण्याच्या सुरीकडे बघत होते आणि लावत होते, बघत होते आणि लावत होते. पावाला भोक पडलं.

"पाव काय कच्चा आहे का?" ताई म्हणाली.

दाजी हसले नाहीत. तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे आम्हाला कळलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मेव्हणे, नोकरी संपतेय त्याचं काही नाही. ती सगळ्यांचीच संपते. पण मी मागे वळून बघितलं तर तिथे एकतीस वह्या असतील असं मला वाटत होतं. आता रद्दीवाला असेल."

ताईला अशा वेळी सांत्वन करता येत नाही. ती भांडते. "मग गप्प काय बसलात? त्या बाईंना म्हणावं, तपासून बघ माझा हात सारखा चालतो की नाही ते!"

आता हे ती रागाच्या भरात बोलली, पण मॅडमनी हेच सुचवलं होतं. गुरुवारी परीक्षा. चाळीस फळं, प्रत्येक फळाचा एक गाल यंत्राला आणि दुसरा दाजींना. कोणता गाल कोणाला ते चिठ्ठी टाकून. यंत्राचा आकडा दाजींना दिसणार नाही. दोघांतला फरक दर वेळी सारखा आला तर वह्या वाचल्या, कारण मग तेवढा फरक सगळ्या आकड्यांत मिळवला की झालं. फरक वेडावाकडा आला तर वह्या गेल्या.

गुरुवारी दाजी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. परीक्षाच ती. संध्याकाळी आले ते शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत गुंडाळून, आणि चप्पल कपाटात ठेवायच्या ऐवजी पुस्तकांच्या कपाटावर नेक्टरिनशेजारी ठेवली.

"नापास," ते म्हणाले. "कुठे शंभर ग्रॅमचा फरक, कुठे आठशेचा. एका फळाला तर मी यंत्राच्याही वर गेलो."

"असं कसं?" मी म्हटलं. "घाबरलात का?"

"घाबरायचं काय त्यात. मॅडम शेजारी घड्याळ घेऊन, वरून कॅमेरा लावलेला. मला म्हणाल्या, काका, आवाज नको, यंत्राला आवाजाचे हादरे चालत नाहीत. म्हणून मी तोंड मिटून..."

ताई चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली.

"तोंड मिटून?"

"हो."

"चाळीस फळं? एकही प्रश्न न विचारता?"

"यंत्राला हादरे..."

"चुलीत गेलं यंत्र!" ताई म्हणाली. तिच्या घरात चूल नाही, गॅस आहे, पण राग आला की चूल पेटते. "तेहतीस वर्षं बघतेय मी. तुमचं तोंड चालू असलं की हात सरळ चालतो. बोलताना चहा गाळलात तर थेंब सांडत नाही, गप्प बसून गाळलात की टेबलावर तळं! तुम्हाला डॉक्टरांनी काय शिकवलं होतं? आठवा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला सांगितलं होतंत."

दाजींना आठवायला वेळ लागला नाही. म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की पोराला प्रश्न विचारायला सुरुवात करायची तेव्हा दट्ट्या दाबायला घ्यायचा, आणि प्रश्न संपला की औषधही संपलं पाहिजे. घाई केली तर गाठ येते, रेंगाळलात तर पोर हात ओढतं. प्रश्नाने मोजायचं. घड्याळाकडे बघायला हात मोकळा कुठे असतो?

"म्हणजे माझ्या हाताला घड्याळ नाही," दाजी हळूच म्हणाले. "माझ्या हाताला प्रश्न आहे."

ताईने फोन उचललासुद्धा होता. "हॅलो, मॅडम का? मी कंपाउंडरची बायको. नाही नाही, तब्येत बरी आहे. एक सांगायचं होतं. तुम्ही आज ह्यांचं तोंड बंद ठेवलंत ना? मग तो हात ह्यांचा नव्हताच. उद्या परत घ्या परीक्षा आणि बोलू द्या. हो. फळांशी. हो, फळांशीच बोलतात. आमच्याशी बोलतात त्यापेक्षा बरंच बोलतात."

मॅडम मोजणाऱ्या बाई होत्या, हसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी फोनवर दोन-तीन प्रश्न विचारले. प्रश्न ठरलेला असतो की बदलतो? किती शब्दांचा? मग म्हणाल्या, "उद्या दहा वाजता. आणि चाळीस नाही, दोनशे फळं."

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून गेलो. ताई म्हणाली तू चल, घरातलं कोणीतरी हवं. म्हणून आम्ही दोघं खोलीच्या मागे बाकावर बसलो, ऑपरेशन थिएटरबाहेर बसतात तसे. यंत्र शेजारच्या खोलीत हलवलं होतं, म्हणजे हादऱ्यांचा प्रश्न नको. कॅमेरा काढला होता. मॅडम कोपऱ्यात, हातात घड्याळ. साहेबही काहीतरी निमित्ताने येऊन उभे राहिले होते.

दाजींनी पहिलं फळ घेतलं, साल काढली, कांडी टेकवली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषण करावं तशा आवाजात म्हणाले, "काय गं बाई. शाळेत. कितवीत आहेस."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. सहा सेकंद.

दुसरं फळ. अडीच सेकंद. तिसऱ्याला ते निम्म्यात अडखळले आणि 'बाईंचं नाव' विसरले.

"अहो, कसं बोलताय!" ताई बाकावरून कुजबुजली, जी कुजबुज रस्त्यापर्यंत ऐकू गेली असावी.

"सांगून बोलायचं म्हणजे जमत नाही गं," दाजी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "एरवी येतं ते आपोआप येतं."

त्यांनी चौथं फळ उचललं. ते फळ जरा वेगळंच होतं. एकाच फुलात दोन फळं धरली की होतं तसं जोडफळ, एका देठाला दोन गोलमटोल पोरी पाठीला पाठ लावून बसल्यासारख्या. अशी फळं खोक्यात जात नाहीत, वेगळी काढतात. टोपलीत चुकून आलं होतं. दाजींनी ते फिरवून बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अरे वा! तुम्ही दोघी? एकाच बाकावर? भांडत नाही ना गं?"

मॅडम पुढे येऊन म्हणाल्या, "काका, हे मोजायचं नाही, बाजूला ठेवा."

"थांबा हो मॅडम, आलेल्यांना परत पाठवू नये." आणि त्यांनी त्या दोघींनाही टोचून, शाळा, इयत्ता, बाईंचं नाव सगळं विचारून शेऱ्यात काहीतरी लिहिलं. मग पाचवं फळ घेतलं. आणि मग सहावं. आता त्यांच्या लेखी आम्ही कोणी खोलीत नव्हतो. मान किंचित खाली, ओठ हलताहेत, अंगठ्याची नखं सालीच्या रसाने केशरी झालेली. काय गं बाई, शाळेत कितवीत आहेस, बाईंचं नाव काय तुझ्या. आकडा. काय गं बाई. आकडा. विसाव्या फळाला साहेब भिंतीला टेकले. साठाव्या फळाला मला डुलकी लागली आणि ताईने कोपर मारलं. शंभराव्या फळाला दाजींनी नेहमीची पाच मिनिटांची सुट्टी घेतली, पाणी प्यायले, ताईला बघून "तू कधी आलीस?" असं विचारलं आणि परत बसले.

दुपारी दोनला शेवटचं फळ झालं. मॅडमनी कागद जुळवले. यंत्राचे आकडे एका बाजूला, दाजींचे दुसऱ्या बाजूला, मध्ये फरक. पहिली तीन फळं त्यांनी तिघांच्या साक्षीने बाद केली आणि जोडफळ स्वतःच्या अधिकारात. मग बोट ठेवत खाली जाऊ लागल्या. चारशे. चारशे वीस. तीनशे नव्वद. चारशे. चारशे दहा. चारशे. ओठ हलत होते, दाजींसारखेच.

तळाशी पोचल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही चुकलात."

ताई उभी राहिली.

"पण दर वेळी तेवढंच चुकलात. चारशेच्या आसपास, इकडे ना तिकडे. कच्च्या फळालाही तेवढंच, पिकलेल्यालाही जवळपास तेवढंच. मी सहा वर्षं या विषयात आहे, इतका प्रामाणिकपणे चुकणारा माणूस बघितला नाही." आणि मग त्या मोजणाऱ्या बाईंनी न मोजता, दाजींचे रसाने चिकट झालेले दोन्ही हात धरले आणि जोरजोरात हलवले. "चारशे मिळवायचे. बस्स. सगळ्या वह्यांत चारशे मिळवायचे!"

दाजी म्हणाले, "बसा ना मॅडम, उभ्या का?" खोलीत एकच स्टूल होतं आणि त्यावर तेच बसले होते.

हा आनंद ओसरतोय तोवर साहेबांना घाम फुटला. कारण केंद्राने दहा वर्षांपूर्वी बागवाल्यांसाठी एक माहितीपत्रक काढलं होतं. त्यात ठळक अक्षरांत होतं, 'गेजवर पाच किलो आले की नेक्टरिन तोडावे.' हे पाच दाजींचे पाच. बागवाले काही फळांना शाळा विचारत नव्हते, ते आपले खटकन दाबायचे. त्यांचे पाच किलो यायला फळ आणखी दोन-तीन दिवस पिकावं लागे. म्हणजे दहा वर्षं अख्खा परिसर दोन-तीन दिवस उशिरा तोडत होता, आणि तो दाजींच्या प्रश्नामुळे.

साहेबांनी बागवाल्यांच्या संघाच्या अध्यक्षांना बोलावून घेतलं. आडदांड माणूस, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. साहेबांनी खाकरत खाकरत सगळं सांगितलं. दाजी दाराशी उभे होते, वर्गाबाहेर काढल्यासारखे.

अध्यक्षाने टोपी गुडघ्यावर दोनदा फिरवली. मग म्हणाला, "तरीच."

"तरीच काय?" साहेब म्हणाले.

"तरीच लांबच्या बाजारात आमच्या नावाने बोंब. तळाची फळं चेपली म्हणून दर हंगामाला तक्रार. आणि तरीच इथल्या बाजारात आमचा माल आला की बाया दुसऱ्या कोणाच्या टोपलीला हात लावत नाहीत. आम्हाला वाटायचं, आमचं पाणीच गोड आहे." मग दाजींकडे वळून म्हणाला, "कंपाउंडर, हे तुमचं काम काय?"

"चूक झाली," दाजी म्हणाले.

"अर्धी चूक. अर्धी तशीच ठेवा, हात जोडतो."

म्हणून नव्या पत्रकात दोन आकडे छापले. माल लांब जाणार असेल तर पाच किलो चारशे. जवळच्या बाजारात जाणार असेल तर पाच. मॅडमनी दोन्ही आकड्यांना कारणं जोडली, तक्ते जोडले, साखरेचे आलेख जोडले, आणि ते सगळं अगदी शास्त्रीय दिसलं. खरंही होतं.

उरलेल्या पाच आठवड्यांत दाजींनी टोचायचं काम सोडलं आणि वाचायचं घेतलं. संगणकावर मॅडम, शेजारी स्टुलावर दाजी, मांडीवर वही. त्यांचं अक्षर त्यांच्याशिवाय कोणाला लागत नाही, हा कंपाउंडरी वारसा. ते आकडे वाचत, त्या टाइप करत. शेऱ्याचा रकाना घालायचा की नाही यावर दोघांचं भांडण झालं. दाजी म्हणाले, ते माझं खाजगी आहे. मॅडम म्हणाल्या, नोंद म्हणजे नोंद, 'अरेरे' सुद्धा जाणार. शेवटी 'अरेरे' संगणकात गेला. अकराव्या वहीत एका पानावर आकडे नव्हते, फक्त 'आज रजा. मुलगी झाली' असं होतं. मॅडमनी विचारलं हे कुठल्या रकान्यात घालू. दाजी म्हणाले, उजवा गाल.

निवृत्तीच्या दिवशी अहवालाचा कच्चा मसुदा त्यांच्या हातात होता. घरी आल्या आल्या त्यांनी तो टेबलावर पसरला आणि पद्धतीच्या परिच्छेदातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. मी मोठ्याने वाचलं. "सर्व मोजमापे बावीस वर्षे एकाच व्यक्तीने केली असल्यामुळे ती एकमेकांशी पडताळता येतात."

"नाव नाही घातलं?" ताई म्हणाली.

"नाव शेवटी आहे, आभारात. पण ही ओळ बघ ना. एकाच व्यक्तीने." त्यांनी ती ओळ आणखी एकदा मनात वाचली, ओठ हलवत. "म्हणजे दुसरा कोणी असता तर जमलंच नसतं, असं होतं त्याचं."

"होतं ना," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून ती लगेच भांडायला उठली. "बावीस वर्षं एकाच व्यक्तीने! आणि बाहेरच्या खोलीत आरसा टांगायचाय तो तीन महिने तसाच पडलाय. त्याला किती व्यक्ती लागतात?"

"तीन," दाजी म्हणाले. "मेव्हणे, खिळा धरा."